आत किती, बाहेर किती

तिकिटाचा दर दारावर खडूनं लिहिलाय:
माणशी एक कोळसा, मुठीएवढा.
मूठ कुणाची ते लिहिलेलं नाही,
त्यावरून रोज वाद.
ओतिया नातवाला पुढे करतो,
"याच्या मुठीएवढा."

त्किबुलीत या हिवाळ्यात नोटांना कोण विचारतं?
वीज रात्री कधीतरी येते,
दोन तास, कधी दीडच.
आली की नुगझार वर यंत्राकडे धावतो,
मी खाली घंटा बडवते,
आणि ब्लँकेटं पांघरलेली माणसं अंधारातून
एकेक करून उगवतात.

सिनेमा एकच. पाच रिळांपैकी चार.
शेवटचं तिबिलिसीहून निघालं, ते अजून वाटेत आहे.
शेवट नुगझार खिडकीतून डोकं काढून सांगतो:
एरवी लग्न लावतो,
दाढ दुखत असली की सगळ्यांना मारतो.

झुझुना पहिल्या रांगेत विणायला बसते,
पडद्याच्या उजेडात.
मोज्याची टाच वळवायची वेळ आली
आणि नेमकी सिनेमात रात्र झाली, की ओरडते,
"दिवस लाव रे!"
एकदा त्यानं खरंच रीळ मागे फिरवलं.
मेलेला घोडेस्वार उठून बसला,
टाच पुरी होईपर्यंत जगला,
मग पुन्हा मेला.
कुणी तक्रार केली नाही.

पण पोर्फिले!
खाणीच्या दिवाखोलीत एकतीस वर्षं.
उतरणाऱ्याचा बिल्ला घ्यायचा, दिवा द्यायचा;
वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला द्यायचा.
खाण बंद पडली, बिल्ले त्याच्याकडेच राहिले.
आता माझ्या दारात उभा राहून
प्रत्येकाच्या तळहातावर एक पितळी बिल्ला ठेवतो
आणि खेळ सुटल्यावर परत घेतो.
आकडा जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.
बाहेर उणे नऊ.
लोक त्याच्या आईपर्यंत जातात, तो मोजत राहतो.
मी म्हटलं, "पोर्फिले काका, हा सिनेमा आहे.
इथे छत कोसळत नाही."
त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं.
मग तो विषय मी काढला नाही.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी वीज मध्येच गेली.
माणसं चाचपडत बाहेर आली.
त्यानं काडी ओढून बिल्ले मोजले,
मग डोकी,
प्रत्येक डोक्यावर हात ठेवून.
"बिल्ले छत्तीस. माणसं सदतीस."

"चुकलात," मी म्हटलं.
"मला दोनदा मोजलंस," झुझुना म्हणाली, "मी मावते कुठे एकात!"
तो तिसऱ्यांदा सुरू झाला.
रांगेच्या टोकाला वेनेरा होती,
शाळेत भूगोल शिकवते, मे महिन्यापासून पगार नाही.
मागच्या दाराची कडी सैल आहे, हे तिला ठाऊक असावं.
आम्हा सगळ्यांची नखं काळी,
ढिगाऱ्यातून कोळसा वेचून वेचून.
तिची स्वच्छ होती.
तिनं हात बाह्यांत ओढून घेतले,
जरा उशिरा.

काडी बोटाला चटका देईपर्यंत
पोर्फिले तिच्यासमोर उभा होता.
मला वाटलं, आता नाव घेणार.
तो हसायला लागला.
त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं;
दात कमी, आवाज जास्त.
"कमी आले," म्हणाला, "पुष्कळदा कमी आले.
एकदा सहा कमी.
जास्त कधी आला नव्हता.
एकतीस वर्षांत एकही नाही."
आणि आकडा न जुळता
सगळ्यांना घरी सोडलं.

सकाळी मी हातोडी घेऊन मागच्या दाराशी गेले.
खिळा चांगला लांब होता.
तो ओतियाच्या खुर्चीला ठोकला,
कधीची डुगडुगत होती.

हल्ली रोज दोन-तीन जास्त येतात.
पोर्फिले आकडा मला मोठ्यानं सांगतो, आनंदानं,
जणू मी खूश व्हावं.
शेगडी पहिल्या रिळातच विझते.
नुगझारला म्हटलं, असं कसं चालायचं?
तो म्हणाला,
पुढच्या वेळी उन्हाळ्यातला सिनेमा मागवू.