नेर्गुई

उलानबातरच्या उत्तर उतारावर
जानेवारीतला दिवस कण्हत उगवतो.
उणे तेहेतीस.
गेरांच्या धुराड्यांतून निघालेला धूर
वर जायला तयार नसतो,
दारातल्या कुत्र्यासारखा वेटोळं करून
वस्तीतच बसून राहतो.

खाली शहरात, पाचव्या मजल्यावर,
खोंगोरझुल दोन तक्ते जोडायला बसली आहे.
एकात हवा:
खांबांवर टांगलेले एकोणीस डबे
तासाला एक आकडा पाठवतात,
थंडी फारच चावली तर तेही पाठवत नाहीत.
दुसऱ्यात छाती:
मुलांच्या रुग्णालयातले चार हिवाळे,
वय, वजन, मिनिटाला श्वास किती,
ऑक्सिजन किती दिवस, घरी कधी सोडलं,
आणि काही ठिकाणी तारखेऐवजी नुसती रेघ.

जोडायचं तर पत्ता हवा.
गेरला कुठला पत्ता?
उन्हाळ्यात दोर सोडतात, नमदा गुंडाळतात,
छताच्या काठ्या ट्रकवर चढवतात
आणि मेव्हण्याच्या कुंपणात पुन्हा उभं करतात.
नोंदवहीत परिचारिकेनं लिहिलेलं असतं:
पाण्याच्या टपरीच्या वर, निळं फाटक,
तिथे विचारणे.

संगणकाला विचारणे ठाऊक नाही.
खोंगोरझुल फोन लावते.
टपरीच्या खिडकीत बसणारे दोर्जपालाम
सगळी फाटकं ओळखतात.
'निळं? ते हिरवं झालं की परवा.'
ती नकाशावरचं एक टिंब
अडीचशे मीटर सरकवते,
थंड झालेला मिठाचा चहा पिते,
पुढचं.

मग एका संध्याकाळी बेरीज जमत नाही.
रुग्णालय म्हणतं आठशे बारा,
तक्ता म्हणतो आठशे तीन.
नऊ मुलं वाटेत कुठे सांडली?
रात्री साडेनऊला सापडतं,
तिनंच महिन्यापूर्वी लिहिलेल्या एका ओळीत:
ज्याला नाव नाही ती नोंद गाळ.

आणि नऊ रकान्यांत लिहिलेलं होतं, नेर्गुई.
नेर्गुई म्हणजे बिननावाचा.

आपल्याकडे दगडू असतो, धोंडू असतो,
आधीची गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं
की न्यायला आलेल्याला उचलावंसं वाटू नये.
तिथेही तेच.
त्सेवेलमा नावाची एक आई फोनवर सांगते,
मागे चूल ढवळल्याचा आवाज,
पहिली माघारी फिरली दीड वर्षाची असताना,
दुसरा पोटातच.
तिसऱ्याच्या वेळी नवरा म्हणाला, नावच नको.
कुणी दारात येऊन विचारलं तर सांगू,
इथे कुणी नाही.

संगणक दारात आला,
त्यानं विचारलं,
त्याला सांगितलं, इथे कुणी नाही,
बिचारा विश्वास ठेवून पुढे गेला.
धुरानं काही विचारलंच नाही.

ती ओळ तिनं खोडली.
नऊ टिंबं परत आली,
त्यातली सात एकाच खोलगट जागी पडली,
नकाशावर जी आजवर हिरवी होती,
कारण जवळचा डबा कड्यावर आहे
आणि कड्यावर वारा असतो.

सात नेर्गुई.
म्हणजे सात घरं, ज्यांनी याआधी
कुणाला तरी खऱ्या नावानं हाक मारून पाहिली होती.
ती आधीची मुलं
कुठल्याच तक्त्यात नाहीत.
ती आहेत ती एवढीच,
धाकट्याच्या नावात.

तिनं दोर्जपालामना पुन्हा फोन लावला.
'तो खळगा?' ते म्हणाले,
'तिथे वारा उतरत नाही.
सगळ्यांना माहीत आहे.'

सगळ्यांना माहीत आहे,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते खोंगोरझुलला अजून ठरवता आलेलं नाही.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलाय.
समोर कर्सर उघडझाप करतो आहे,
आणि वर, हिरव्या फाटकामागे,
त्सेवेलमा चुलीत रात्रीचा कोळसा घालते,
कारण न घालून कसं चालेल.