वर एक

एडिंबरात घर घ्यायचं म्हणजे
आपली ऐपत बंद पाकिटात घालून पाठवायची,
शुक्रवारी दुपारी बाराच्या आत.
भाव कुणी सांगत नाही, नुसतं 'याच्या वर' म्हणतात.
किती वर, ते ज्याने त्याने आपल्या छातीला विचारावं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो,
दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतो,
तरी जाहिरात वाचायला दोन हिवाळे लागले.
'उबदार' म्हणजे दोन्ही कोपरं भिंतींना लागतात.
'मूळ खिडक्या जपलेल्या', म्हणून वाराही मूळचाच येतो.
समुद्राचं दर्शन मात्र झालं, खोटं का बोला:
कमोडवर उभं राहून, मान डावीकडे वळवून,
एक करडी रेघ. तिच्यावर एक सीगल.
एजंटने तिच्यासाठी वीस हजार जास्त सांगितले.
सीगलसकट, असं मी धरून चालतो.

मग गॉर्गीतला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.
बासष्ट पायऱ्या, मोजल्या मी.
वारा फिरला की डिस्टिलरीकडून वास येतो,
रात्रभर फुगलेल्या आंबोळीच्या पिठासारखा.
वृंदा जिन्यातच थांबली, डोळे मिटून श्वास घेतला,
म्हणाली, हेच.
स्वयंपाकघर तिने अजून पाहिलंही नव्हतं.

आमचे वकील ऑचिनलेक इतकं हळू बोलतात
की वाटावं, कुणीतरी गेलंय.
आकडा लिहिताना वृंदा म्हणाली, "वर एक घाल."
मी म्हटलं, हा काय आहेर आहे?
अडीच लाखांच्या वर एक पौंड? वकील हसतील!
"शून्यावर थांबलेलं पाकीट शुभ नसतं," ती म्हणाली.
मी पुरुषासारखा गोल आकडा लिहिला.
दोन लाख एक्कावन्न हजार.

एकला किल्ल्यावरची तोफ झाली.
रोजच होते. पण त्या दिवशी ती आमच्यावर होती.
ऑचिनलेक म्हणाले, थोडक्यात हुकलं.
थोडक्यात म्हणजे किती,
ते चार महिन्यांनी सरकारी नोंदीत सापडलं:
दोन लाख एक्कावन्न हजार
एक.

वृंदा काही बोलली नाही.
तिने चहात साखर घातली, एक चमचा,
माझ्याकडे बघत, आणि वर एक.

हा आकडा स्कॉटिश नव्हे, हे तर शेंबडं पोरही सांगेल.
भडकमकर निघाले. इचलकरंजीचे.
मिसेस भडकमकर वृंदाला पोलिश दुकानात भेटल्या;
कोथिंबिरीची शेवटची जुडी, आणि तिच्यावर दोघींचे हात.
या वेळी वृंदाने सोडली नाही.
ओळख मात्र तिथेच झाली, जुडी मधोमध धरून.

वास्तुशांतीला आम्ही बासष्ट पायऱ्या पुन्हा चढलो.
होमाचा धूर झाला, छतावरचा भोंगा मंत्रांच्या वर ओरडला,
खालच्या मिसेस गॅलब्रेथ स्लिपर घालून धावत आल्या,
आग कुठे आहे विचारत,
आणि शिऱ्याची तिसरी वाटी होईपर्यंत बसल्या.
शेवटी त्यांनी शिऱ्याचा भाव विचारला.
"याच्या वर," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पाकिटात मी पन्नासची नोट घातली होती.
चिकटवणार, तेवढ्यात वृंदाची नजर.
खिशातून एक नाणं काढलं. घातलं. बाई, घातलं.

आम्ही अजून भाड्याच्याच घरात.
दर पंधरवड्याला दाराच्या कडीला पाटी लटकते:
'जिना धुण्याची पाळी तुमची'.
जिना आमचा नाही, पाळी आमची.
समोरचा फर्गस गेली सहा वर्षं सांगतोय,
थांबा, बाजार बसणार.
बाजार काही बसत नाही.
बसतो मी, दुसऱ्या मजल्यावर, बादली बाजूला ठेवून,
आणि वारा तिकडून असला तर
आंबोळीचा वास येतो.