प्याल्यांची मोजपट्टी

चार प्याले काढून दिले तिल्येकने:
एक रिकामा, एकात घोटभर,
एक अर्धा, एक काठोकाठ.
चष्मा विसरलेल्यालाही बोट ठेवता यावं म्हणून.
बिश्केकच्या कचेरीत सगळ्यांना आवडले.
मीच म्हणाले, शब्दांना पाय फुटतात,
प्याला जागचा हलत नाही.

मग अत-बाशी. नऊ घरं, चाचणीपुरती.
बाहेर उणे एकोणीस, पेनातली शाई गोठलेली,
काखेत धरून ऊब द्यायची आणि मग लिहायचं.
प्रश्न चौदावा:
गावच्या कचेरीवर तुमचा विश्वास किती?
बुरुल-एजेने बोट ठेवलं घोटभर चहावर.
शेजारीही तिथंच.
तिसऱ्या घरी सासरा खोकला, सून थांबली,
मग तिचंही बोट तिथंच.
सासरा खोलीत होता, असं मी समासात लिहिलं.
त्यावर उपाय नाही;
दुसऱ्याच्या घरात दार लावून घ्या म्हणता येत नाही.

रात्री नुरजामालने बेरीज केली, शीळ घातली.
इतका अविश्वास? या गावात?
कचेरीतल्या बाईची गाय व्याली
तर चिकाचं दूध गल्लीभर वाटलं जातं!
बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.
भलतंच काही मोजत होती.

सकाळी परत गेले. अशा वेळी एवढंच विचारायचं असतं:
बोट ठेवताना मनात काय आलं?
बुरुल-एजे चहा ओतत होती.
घोटभर ओतला, उजव्या हाताने पुढे केला,
डावा तळवा छातीवर.
संपला की पुन्हा घोटभर. पुन्हा.
"आपल्या माणसाला असाच देतात," ती म्हणाली,
"थोडा थोडा, गरम गरम, म्हणजे तो बसतो.
भरलेला कुणाला देतात, ठाऊक आहे ना तुला?
ज्याने आता उठावं, त्याला."

ठाऊक होतं.
सुट्टीत मावशीकडे मीच ओतायचे,
जास्त पडला की मनगटावर चापटी बसायची.
तरी कागदावर प्याला पाहिला
आणि भरलेलं म्हणजे जास्त, असं धरून चालले.
बिश्केकात आम्ही मगातून पितो.

मग काय ठेवायचं?
शिडी, नुरजामाल म्हणाली.
पण वरची पायरी कुणाला मानाची, कुणाला घसरायची.
मेंढ्या? मेंढ्या कुणी मोजून सांगत नाही, दृष्ट लागते.
शेवटी नुसत्या रेघा: आखूड, लांब, त्याहून लांब.
रेघेत बघण्यासारखं काही नाही, हेच बरं.
या घरांत आता पुन्हा विचारता येणार नाही,
ही माणसं प्रश्नाला शहाणी झाली.
दुसरी नऊ शोधायची, नदीपलीकडे.

तिल्येकला फोन केला, प्याले काढून टाक.
तो म्हणाला, छान आले होते.
छानच आले होते.

पण त्या दिवशी, निघायच्या आधी,
एक राहिलं होतं ते विचारून टाकलं:
मग काठोकाठचा प्याला तुम्ही कुणाला दिला असता, एजे?
ती खिडकीबाहेर बघत राहिली थोडा वेळ.
मग किटली उचलली
आणि माझाच प्याला भरत गेली, भरत गेली,
थेट काठापर्यंत.

हे उत्तर होतं, की नुसती संध्याकाळ झाली होती,
कुठल्या चौकटीत खूण करू?
उभ्यानेच प्यायले. जीभ भाजली.