किती फूट

यादीत एकतिसाव्या नंबरावर आहे ती.
प्रयाग त्र्यंबक, वय सव्वीस, घर पडून मयत.
तलाठ्यानं त्या आठवड्यात एवढी नावं लिहिली
की पुढं पुढं 'मयत'मधला 'य' नुसती रेघ झालाय.

दर तीस सप्टेंबरला स्तंभापाशी मीच वाचते ही यादी,
एकतिसाव्या नंबरावर आवाज जरा खाली घेऊन,
घरचं माणूस म्हणून.
आणि इतक्या वर्षांत एक साधी गोष्ट सुचली नाही मला:
आमचं घर पत्र्याचं होतं.

दगडामातीच्या भिंती, दोन-दोन हात रुंद,
निजलेल्यांच्या अंगावर आल्या त्या पहाटे.
गरिबांचे पत्रे वाजले फक्त.
आमचेही वाजले. खाली पडला तो कंदील.
आईनं मला ओढलं, भावाला ओढलं,
अंधारात डोकी चाचपली, एक, दोन,
आणि थांबली.
प्रयागकाकीला हाक मारली नाही तिनं.
सगळं गाव कुणाला ना कुणाला हाका मारत होतं.

काका भिवंडीला, मागावर. दोन दिवाळ्या आला नव्हता.
घरात पुरुष एकच.
गणपती बुडवायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती,
काकी माहेरी गेली, मुरुमला.
चप्पल दारातच होती तिची.
मी सहा वर्षांची. मी ती घालून मिरवणुकीत गेले.

दुपारी सगळं गाव दगड उचलत होतं,
हातांनी, पहारींनी, जवानांच्या दोरांनी.
माझा बाप दगड टाकत होता.
मळ्यातल्या विहिरीत, पाटी पाटी, ऊन उतरेपर्यंत.
लोक म्हणाले, विश्वंभरचं डोकं फिरलं बिचाऱ्याचं.
कुणी त्याला तांब्याभर पाणी दिलं.
हे मी निबंधातही लिहिलंय, सातवीत.
सरांनी खाली 'छान' लिहून लाल सही केलीय.

काका आला तेराव्यानंतर.
उभ्या पत्र्याकडं बराच वेळ बघत राहिला.
मदतीच्या कागदावर सही केली, पैसे चुलीपाशी ठेवले,
आणि गेला तो गेलाच.
त्या पैशात माझी शाळा झाली. बारावीपर्यंत.

नव्या गावात रस्ते पट्टीनं आखलेले,
घरांना नंबर, कुणाचंच दार कुणाच्या दारात नाही.
पितरांना आई अजून दोन पानं ठेवते.
एक मोठं. एक तळहाताएवढं,
जुन्या मळ्याकडं तोंड करून.
लहान कुणाचं, विचारलं तर म्हणते,
असू दे, कावळ्यांना कमी पडतं.

यंदा बुजलेल्या विहिरी उपसायची योजना आली.
मी रोजगार सेविका, अर्ज मीच भरते सगळ्यांचे.
भावाच्या नावानं आमचाही भरला.
गट नंबर एकशे बारा. खोली: माहीत नाही.
विहीर कशामुळे बुजली: भूकंप, पूर, इतर.
भूकंपावर खूण करायला पेन टेकवलं
आणि ते तिथंच राहिलं.
कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.
पत्रा, चप्पल, पाटी, पान
एकेक करून वर येऊ लागलं, पाण्यात फुगलेलं.
मागं लोक ओळीत उभे होते.
मी खूण केली. भूकंप.

सोमवारी जेसीबी येणार आहे.
बापाची डावी बाजू गेलीय, तीन वर्षं झाली,
एक धड वाक्य नाही तोंडात.
आज दुधात भाकरी कुस्करून चमचा पुढं केला
तर त्यानं हातानं सारला, आणि जुन्या,
बैलांना वळवायच्या आवाजात विचारलं:
"किती फूट काढणार हाईत?"

स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या थांबल्या.
मी चमचा पुसत राहिले पदराला.

आतून आई म्हणाली,
"पाणी लागस्तोर."