मध्यंतर नसलेला सिनेमा

लॉ कॉलेज रोडला सकाळच्या खेळात
फिनलंडचा म्हातारा नऊ मिनिटं बूट पुसतो.
शेजारी उपळेकर घोरतात,
बाहेर चहा पिताना म्हणतात,
"काय फ्रेम होती हो!"
मी मान डोलावतो.

खरं सांगायचं तर सहाव्या मिनिटाला
मला घरचा गॅस आठवला,
आठव्याला बाबांचे बूट,
भंगारात दिलेले, न पुसता.

रात्री कोथरूडला, बायकोसोबत.
हिरो एका बुक्कीत सात जीप उडवतो,
तीन गाणी फालतू, पॉपकॉर्न साडेचारशे.
तरी आई-मुलाच्या भेटीला
माझा रुमाल निघालाच,
आणि त्या रुमालाचाच राग आला.

उद्या उपळेकर विचारतील,
कालचं काय आवडलं?
बुटांचं सांगेन.
म्हणजे,
प्रकाशयोजनेचं.