बेस बघण्यापुरतं

बाबांना इंग्रजी यायचं नाही.
म्हणजे वाचता यायचं: व्हॉल्व्हवरचे आकडे,
कंडेन्सरची मापं, गिऱ्हाइकाची चिठ्ठी.
पण गाण्यातलं इंग्रजी त्यांच्या कानाशी येऊन
चपला काढून उभं राहायचं,
आत यायचं नाही.

तरी शनिवारी रात्री दहाला
लॅमिंग्टन रोडच्या मागल्या गल्लीत
अर्धं शटर ओढून
आठवड्यात दुरुस्त झालेला एकेक सेट
ते त्याच कार्यक्रमावर लावून बघायचे.
बेस बघायला, म्हणायचे.
आपल्या गाण्यात बासरी कळते, सतार कळते,
स्पीकरचा कागद फाटलाय का
ते यांच्याच गाण्यात कळतं.

आई नायरमध्ये रात्रपाळीला.
मी बाकड्यावर, गोणपाटावर चादर घालून,
राळेच्या धुरात.
सेट लावला की लगेच बोलत नसे.
आधी व्हॉल्व्ह तापत,
आतली धूळ जळल्याचा वास येई,
मग तो हिरवा डोळा उघडे
आणि स्टेशन नेमकं सापडलं
की मांजरीसारखा बारीक होई.

गायकांची नावं आम्हांला ठाऊक नव्हती.
बाबांनी आपली ठेवली होती.
घसा खरवडून गाणारा तो किसणी.
मागून एका दमात उत्तर देणाऱ्या तिघी
त्या तिन्हीसांजा.
आणि एक होती,
निघावं की राहावं हे न ठरलेल्या बाईसारखी गाणारी,
तिला ते उंबऱ्यावरची म्हणत.
किसणी लागला की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत.
आवडतो असं कधी म्हणाले नाहीत.

एका शनिवारी पावणेदहाला
माझगावचे इग्नेशस मिस्किटा आले,
गोदीत टॅली क्लार्क,
केसांत फणीच्या ओल्या रेघा.
राऊळ, झाला का माझा सेट?
सेट टेबलावर पोट उघडून पडला होता,
ट्रान्सफॉर्मर जळलेला.
पोस्टकार्ड टाकलंय, म्हणाले, तीन आठवडे झाले.
आज नाव वाचतील.

बाबांनी कुणा डॉक्टरांचा सागवानी सेट पुढे ओढला.
किसणी झाला, तिन्हीसांजा झाल्या.
मग निवेदकाच्या इस्त्रीच्या आवाजात
माहीमची नावं, भायखळ्याची नावं,
आणि शेवटी मिस्किटा,
चुकीचा उच्चारलेला, पण मिस्किटाच.
डोरीनसाठी.
डोरीन कोण ते आम्ही विचारलं नाही.

लागली ती उंबऱ्यावरची.
मिस्किटा पूर्ण गाणं उभे होते,
हातात हात धरून, चर्चमध्ये उभं राहावं तसे.
मधेच बाहेरून बर्फाची हातगाडी गेली,
लोखंडी चाकं खडखडत,
आणि एक अख्खी ओळ घेऊन गेली.

किती झाले, राऊळ?
सेट कुठं झालाय अजून.
ऐकल्याचे विचारतो.
बाबा म्हणाले,
मला बेस बघायचाच होता.

बुधवारी ते सेट टॅक्सीतून घेऊन गेले,
मांडीवर, काच खाली करून.

पुढे शनिवार गेले, दुकान गेलं,
तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.
मी इंग्रजी शिकले, बँकेत त्यावर पोट भरलं.
फोनमध्ये म्हणे सगळी गाणी आहेत.
पण किसणी लिहून शोधलं तर
काय सापडतं ते तुम्हीच बघा.

परवा पार्ल्यात, दाताच्या डॉक्टरांकडे,
कोपऱ्यातल्या सुपारीएवढ्या स्पीकरवर
ती लागली.
मी मासिक मिटलं.
मधली जागा आली
आणि मी हातगाडीची वाट बघत राहिले.
गाडी आली नाही.
ओळ आली, स्वच्छ,
प्रत्येक शब्द कळेल अशी.
साधीच होती. कुणाला तरी थांब म्हणणारी.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं,
बेस नाहीये हिच्यात.
आवाज वाढवू का मॅडम?
नको म्हटलं.
एवढ्यात माझं नाव पुकारलं,
चुकीचंच,
आणि मी उठून उभी राहिले.