वहिफणी

स्टीलचा आकडा खिशातून निघाला
तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.
दारापाशीच होते. आणखी दोन पावलं,
आणि चुंबकाने तो गोळीसारखा ओढला असता.

"ऱ्हाऊ दे की वो," मलकारी धुमाळे म्हणाले,
"चाळीस वर्सं खिशात हाय.
आकड्याबिगर हातच लागत न्हाई कशाला."

उजवा हात आता तसाही लागत नाही.
इचलकरंजीत वहिफणी करायचे.
नव्या बीमचा एकेक दोरा वहीच्या डोळ्यातून,
मग फणीच्या दातातून.
पलीकडून बायको द्यायची, अलीकडून हे ओढायचे.
चार हजार दोरे, एक चुकला की कापडभर रेघ.
गेल्या दिवाळीपासून चुकायला लागले.

राजारामपुरीतलं आमचं तळघर, रात्रीचे अकरा.
नळीत ते, काचेअलीकडे मी.
खडखडाट सुरू झाला आणि स्पीकरवर आवाज आला:
"कारखान्यागत वाटतंय. झोप लागंल."
"हलू नका," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मेंदूतले दोरे
मला दिसत नाहीत.
मला कळतं ते पाणी.
पांढऱ्या भागातलं पाणी तंतूच्या कडेने सहज सरकतं,
आडवं जाताना अडखळतं.
मी चौसष्ट दिशांनी विचारते: इकडे जातं? आणि इकडे?
त्याच्या कलावरून मशीन दोरा काढतं.
डावीउजवीकडे लाल, पुढेमागे हिरवा,
वरखाली निळा.
अंदाज आहे तो. देखणा, रंगीत अंदाज.

गाठीच्या जरा वर
हाताकडे उतरणारा निळा पट्टा मध्येच संपला.

बिंदू चौकाचं सांगते, म्हणजे कळेल.
सकाळी दहाला तिथे
मिरजकर तिकटीकडून येणारे, लक्ष्मीपुरीला उतरणारे,
भवानी मंडपाकडे वळणारे, उलटे घुसणारे.
सगळ्यांची मिळून एकच दिशा काढा.
उत्तर येईल: इथून कुणी कुठेच जात नाही.
एक गोल धुरकट ठिपका.
आणि तरी माझा रिक्षावाला
पोचतोच की गंगावेशीत.

धुमाळे बाहेर आले, कानातला कापूस काढत
पडद्यापाशी वाकले.
"हितं तुटलाय व्हय?"
मी शब्द शोधत होते.
"न्हाई," तेच म्हणाले, "तुटल्याला दोरा लोंबतोय.
ह्यो खालनं गेलाय.
वर तांबडा हाय, मधनं हिरवा. बगा की नीट."

नीट बघायचं म्हणजे आणखी बावीस मिनिटं,
जास्त दिशा, आणि वेगळं गणित:
मोहरीएवढ्या चौकोनातून
एकाहून जास्त वाटा जाऊ शकतात
हे आधीच कबूल करणारं.
डॉक्टर इंगवल्यांना फोन केला. झोपेतच म्हणाले, घे.
शेवटची एसटी गेली होती.
धुमाळे पुन्हा नळीत शिरले, कुरकुर न करता.

दुसऱ्या खेपेला निळा लालच्या खालून निघाला.
बारीक, गाठीने ढकलून वाकडा केलेला,
पण निघाला.
खरा, की मशीनने जोडलेला,
ते उघडल्यावर कळेल.
हे मी त्यांना सांगितलं. मान हलवली त्यांनी.

"किती असतील दोरे?"
"कोटींनी."
बराच वेळ हिशेब चालला होता डोळ्यांत.
"मग ही वहिफणी केली कुणी?
आनि पलीकडनं दोरा कोण देत हुतं?"
मी पाकीट शोधायला लागले.

निघताना आकडा पुढे केला.
डाव्या हातात पिशवी होती. ती खाली ठेवली असती तर चाललं असतं,
पण त्यांनी उजवा पुढे केला.
बोटं मिटायला वेळ लागत होता.
मी आकड्याचं दुसरं टोक धरून
बीमच्या पलीकडे बसल्यासारखी थांबले,
ते ओढेपर्यंत.